गाडीखाली वाकून बघणारे काका

आमच्या सर्व्हिस सेंटरच्या आतल्या दारावर मोठ्या अक्षरांत पाटी होती: ग्राहकांनी वर्कशॉपमध्ये येऊ नये. काका दर वेळी ती पाटी नव्यानं दिसल्यासारखी पूर्ण वाचायचे, पटल्यासारखी मान हलवायचे आणि आत जायचे.

बोईसर-पालघर रस्त्यावरच्या त्या सर्व्हिस सेंटरमध्ये मी काउंटरवर होते. गाडी आली की ग्राहकाची तक्रार ऐकून घ्यायची, गाडी आत पाठवायची आणि संध्याकाळी ती परत देताना बोलणी खायची, हे माझं काम. तारापूरच्या कारखान्यांतले साहेब यायचे, केळवे-एडवणकडचे वाडीवाले यायचे, सातपाटीचे मासळीचे व्यापारी यायचे. त्यांच्या गाडीचा वास जाता जात नसे आणि तो गेला नाही म्हणून तेच आमच्याशी भांडत. पण हातात जेवणाचा डबा घेऊन मेकॅनिक लोकांत जाऊन बसणारं गिऱ्हाईक मी दुसरं पाहिलं नाही.

काका शिरगावचे. तारापूरच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन म्हणून नोकरी केली आणि निवृत्त झाल्यावर घरची नारळ-केळीची वाडी बघत होते. उंच, पण उंचीची लाज वाटल्यासारखे वाकलेले. चष्म्याला दोरी, खिशात छोटी बॅटरी. गाडी जुनी, लहान, एके काळी पांढरी असावी. ती इतकी नीट ठेवलेली होती, की तिच्यात बिघाड शोधायचा म्हटलं तरी सापडला नसता. तरी महिना झाला की काका हजर.

"बाय, जरा चाकं बघून घ्यायची हायेत."

"काका, गेल्याच महिन्यात बघितलीत ना?"

"बघितली. पण ती गेल्या महिन्यात."

गाडीच्या पुढच्या काचेवर निरनिराळ्या सर्व्हिस सेंटरांची स्टिकरं होती. पालघरचं, वसईचं, विरारचं, डहाणूकडचं, हायवेवरच्या मनोरचंही. आमच्याकडे चाकं तपासली की पुढच्या आठवड्यात काका तीच चाकं पालघरला दाखवायचे, तिथून वसईला. आमचा मॅनेजर चिडायचा. "ह्या म्हाताऱ्याचा जगात कुणावर विश्वास नाही," तो म्हणायचा. "आपलं काम दुसऱ्याकडून तपासून घेतो, दुसऱ्याचं तिसऱ्याकडून." आम्हाला सगळ्यांना तसंच वाटायचं. थोडा अपमानही वाटायचा. कामात कुठे खोट काढली असती तर निदान भांडता तरी आलं असतं. काका खोट काढत नव्हते, नुसते येत होते.

आत गेले की त्यांचं एक ठरलेलं. आपल्या गाडीकडे आधी जायचंच नाही. पहिल्या गाडीपासून सुरुवात करायची आणि प्रत्येक गाडीखाली वाकून बघायचं. गुडघे दुखत असत, तरी एक हात बॉनेटवर ठेवून, कण्हत, चष्मा सावरत ते खाली वाकायचे. "कोण हाय रे खाली?" मग चाकं लावलेल्या फळीवर उताणा पडलेला कुणी मेकॅनिक सरकत बाहेर यायचा. काका त्याचा काळा झालेला चेहरा बघायचे. माणसं एरवी बघतात त्यापेक्षा जरा जास्त वेळ. मग विचारायचे, "जेवलास का?"

नवीन लोकांना ते विचित्र वाटायचं. जुने हसून म्हणायचे, "काका, अजून बारा नाय वाजले." तरी काका डबा उघडायचेच. तांदळाच्या भाकऱ्या, सुकटीची चटणी, थंडीच्या दिवसांत कंद-शेंगांची उकडहंडी. रामजनम नावाचा आमचा एक मेकॅनिक उत्तर प्रदेशातला, मासळीला हात न लावणारा. त्याच्यासाठी वांग्याची भाजी वेगळ्या डब्यात असायची. हा सगळा स्वयंपाक हा एकटा माणूस पहाटे उठून करायचा, हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

"उपाशी माणसानं आवळलेला नट मला नको," असं ते म्हणायचे. विनोदानं नव्हे. कुणी मेकॅनिक त्यांच्या गाडीचं चाक काढायला लागला की ते त्याच्याशेजारी स्टूल ओढून बसायचे आणि विचारायला लागायचे. रात्री झोप झाली का? घरी भांडण झालं का? गावाहून फोन आला का? कुणी म्हणालं, मुलाला ताप आहे, की काका त्याच्या हातातून पाना काढून घ्यायचे. "मग आज नको. दुसऱ्याला करू दे. तू घरी फोन कर." सुपरवायझरचा जळफळाट व्हायचा. काका नुसते स्टूलवर बसून राहायचे आणि चाक सुटलेली गाडी लिफ्टवर टांगून राहायची.

गाडी घेऊन निघाले की उमरोळीच्या आसपास रस्त्याच्या कडेला थांबायचे, स्वतःचा पाना काढून चारी चाकांचे नट पुन्हा बघायचे. येणारे-जाणारे थांबून विचारत, काका, पंक्चर का? काका नाही म्हणत. पण त्याहून मजेची गोष्ट पुढे होती. तिथून घरी न जाता ते उलटे आमच्याकडे यायचे. गाडी पाहिली की मी काउंटरवरून उठायचे, आता काय निघालं? काका खिडकीतून मान बाहेर काढून सांगायचे, "बाय, सगळे बरोबर हायेत. ज्यानं केलं त्याला सांग, बरोबर हाय म्हणून." आणि निघून जायचे. एवढ्यासाठी त्या उन्हातून परत आलेले.

मी सांगायचे. मेकॅनिक हसायचे. पण ज्याला सांगितलं तो दिवसभर खुशीत असायचा, हेही मी पाहिलं होतं.

*

मग रामजनमचं ते प्रकरण झालं.

गणपतीच्या आधीची गर्दी होती. सगळ्यांनाच गाड्या त्याच दिवशी हव्या होत्या. रामजनम एका गाडीचं मागचं चाक बसवत असताना सुपरवायझरनं त्याला दुसऱ्या गाडीवर हाक मारली. तो गेला, परत आला तेव्हा पहिली गाडी तिथं नव्हती. धुवून पुसून गेलीसुद्धा. त्याला वाटलं, नट कुणीतरी आवळले असतील. कुणी आवळले नव्हते. मालकाला रस्त्यात मागून खडखड ऐकू आली, त्यानं घाबरून गाडी बाजूला घेतली आणि उतरून बघतो तो चाक डुगडुगतंय. गाडीत त्याची बायको होती, लहान मुलगी होती. कुणाला काही झालं नाही.

तो माणूस परत आला आणि जे बोलायचं ते बोलला. त्याला बोलायचा हक्कच होता. मॅनेजरनं सगळ्यांसमोर रामजनमला उभं केलं. कुणीतरी मोबाईलवर ते टिपलंही. रामजनम एकच वाक्य बोलत होता, "मेरे से छूट गया साहब." संध्याकाळी त्याला सांगण्यात आलं, उद्यापासून यायचं नाही.

दुसऱ्या दिवशी काका आले. नेहमीसारखे वाकत वाकत सगळ्या गाड्या पाहून झाल्या आणि ते माझ्या काउंटरशी आले. "रामजनम कुठंय?"

मी सांगितलं. सांगता सांगता थांबले, कारण काकांचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांनी काउंटर घट्ट धरलं.

"त्याच्याबरोबर कोण हाय आता?"

"खोलीवर असेल काका. एकटाच राहतो तो बोईसरला."

"काल रात्री कोण होतं?"

ते मला माहीत नव्हतं. काका ओरडले. मी त्यांना ओरडताना तेवढं एकदाच ऐकलं. "अगं, चुकलेल्या माणसाला एकटं सोडलंत तुमी? तुमाला काय कळत नाय काय?" सगळे बघायला लागले. मग एकदम आवाज खाली आणून ते म्हणाले, "बाय, मला त्याची खोली दाखव. लगेच चल."

मी मॅनेजरला न विचारता निघाले. बोईसरला चाळीतल्या खोलीचं दार आतून बंद होतं. काका दार ठोठावत राहिले आणि त्यांच्या मोडक्या हिंदीत बोलत राहिले. "रामजनम, मैं हाय. शिरगाव का काका. तू दरवाजा उघड. कुछ नाय बोलेगा मैं." बऱ्याच वेळानं कडी निघाली. तो कालच्याच कपड्यांत होता, हाताचं ग्रीससुद्धा धुतलं नव्हतं. म्हणाला, "काका, उस गाडी में छोटी बच्ची थी."

"हां. थी," काका म्हणाले. "तू चल. मेरे घर को चल."

त्यांनी त्याला समजावलं नाही, चूक तुझी नव्हती असंही म्हणाले नाहीत. त्याचे दोन शर्ट पिशवीत भरले, हाताला धरून गाडीत बसवलं आणि शिरगावला नेलं. मी मागच्या सीटवर होते. रस्ताभर काकांचा डावा हात रामजनमच्या मनगटावर होता. गिअर टाकायला काढायचे आणि पुन्हा तिथंच ठेवायचे.

त्या दिवशी दुपारी, रामजनम आतल्या खोलीत झोपल्यावर, ओटीवर बसून काकांनी मला आपल्या मुलाचं सांगितलं.

जयेश, एकुलता एक. पालघरच्या एका शोरूममध्ये मेकॅनिक होता. ते शोरूम आता बंद झालंय. हुशार, हाताला वळण असलेला. अशाच घाईत त्याच्याही हातून एका गाडीचे नट राहिले होते. त्या गाडीत खडखड ऐकू आली नाही. मनोरच्या रस्त्याला चाक निखळलं, गाडी झाडावर गेली. गाडीत पालघरच्या एका शाळेतल्या बाई होत्या. त्यांचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

"जयेश दवाखान्यात गेला होता," काका म्हणाले. "दारापर्यंत गेला, आत नाय गेला. घरी आला. त्याची आई जेवायला बोलवत होती, नको बोलला. मी काय केलं? मी म्हटलं, राहू दे, एकटा बसू दे त्याला जरा. सकाळी उठून बघतो तर नाय."

पोलिसांत कळवलं. पण शहाणासुरता माणूस, आपल्या पायानं गेलेला. त्यांनी नोंद केली, एवढंच. फोन बंद. वर्षभरात जयेशची आई गेली. काकांनी आधी फोटो घेऊन शोध केला. वसईच्या एका वर्कशॉपमध्ये फोटो बघून एक जण म्हणाला, हा तर आमच्याकडे आहे, आज सुट्टीवर आहे, उद्या या. दुसऱ्या दिवशी काका गेले तेव्हा तो कामच सोडून गेला होता. शोधत कुणी आलंय, एवढं कळणं पुरेसं झालं.

"तेव्हापासून विचारत नाय मी. त्याला दुसरं काम येत नाय बाय. असणार तो कुठल्यातरी गाडीखाली. म्हणून बघतो."

मी बाहेर उभ्या असलेल्या त्यांच्या गाडीकडे पाहिलं. काचेवरची ती सगळी स्टिकरं.

"आणि सापडला की काय सांगणार?" मी विचारलं.

"निरोप द्यायचाय एक." काका त्या शाळेच्या बाईंकडे जात. पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांच्या यजमानांनी बाहेर काढलं. काका पुन्हा गेले. पुढे बाईंनी स्वतःच आत बोलावलं. कृत्रिम पाय बसवल्यावर त्या चालायला लागल्या, पुन्हा शाळेत जाऊ लागल्या, तेव्हा त्या काकांना म्हणाल्या होत्या, तुमच्या मुलाला कळवा, मी चालते. काकांनी कळवतो म्हणून सांगितलं होतं.

आतून रामजनमनं झोपेत काहीतरी म्हटलं. काका पटकन उठून बघायला गेले.

*

रामजनम गणपती, नवरात्र, दिवाळी सगळं काकांकडेच राहिला. आधी नुसता वाडीत बसून असायचा. मग पाणी सोडायला लागला, केळीची सुकलेली पानं काढायला लागला. काका त्याला मराठी शिकवायचे आणि तो काकांची हिंदी ऐकून हसायचा. काकांनीच पालघरच्या एका गॅरेजवाल्याकडे शब्द टाकून त्याला पुन्हा कामाला लावलं. पहिल्या दिवशी चाकाला हात लावेना, तेव्हा काकांनी आपलीच गाडी तिथं नेली. "ह्याची चारी चाकं काढ, परत लाव," म्हणाले, आणि त्यानं ती लावल्यावर त्याच गाडीत बसून एडवणपर्यंत जाऊन आले. रामजनमला शेजारी बसवलं होतं. तो नंतर मला सांगत होता, "मॅडम, मैं पूरे रास्ते रो रहा था और काका गाना गा रहे थे. बहुत खराब गाते हैं."

आमचं येणंजाणं त्या वर्षात वाढलं. काका माझ्या घरी केळीचे घड आणून टाकायचे, मी त्यांच्या डोळ्यांच्या तपासणीला बरोबर जायचे. म्हणून, माझी बहीण वापीला बाळंत झाली तेव्हा काकांनी सहज म्हटलं, "मी जातोच हाय वापीला. सोडतो तुला." मी सुट्टीच्या दिवशी त्यांच्याबरोबर निघाले. वापीत शिरल्यावर त्यांनी गाडी एका मोठ्या सर्व्हिस सेंटरकडे वळवली.

"जरा चाकं बघून घेऊ, मग जाऊ."

मला हसू आलं. त्यांची ती चाकं आमच्याकडे परवाच पाहिली होती. पण आता मला कारण ठाऊक होतं. तिथल्या काउंटरवरचा माणूस त्यांना ओळखत होता. "काका, वोही लडका?" त्यानं विचारलं. काका म्हणाले, "हां, वोही."

ते आत निघाले, मीही गेले. आणि माझ्या लक्षात आलं, की काका वाकले नाहीत. दोन्ही बाजूंना गाड्या होत्या, त्यांच्याखाली माणसं होती, कुणाचे पाय दिसत होते. काकांनी एकाही गाडीखाली पाहिलं नाही. सरळ आपल्या गाडीपाशी जाऊन उभे राहिले. मागच्या चाकाशी एक मेकॅनिक उकिडवा बसला होता. टोपी घातलेली, पाठ आमच्याकडे. तो चाक काढत होता. त्यानं मागे वळून पाहिलं नाही.

काका माझ्याशी बोलायला लागले. जरुरीपेक्षा मोठ्यानं.

"त्या शाळेच्या बाई भेटलेल्या परवा. चालतात हो आता. काठीपण नाय लागत. शाळेत जातात रोज."

मला कळेना. हे सगळं त्यांनी मला आधीच सांगितलेलं होतं.

"मला बोलल्या, पोराला सांगा. त्यांच्या मनात काय नाय आता. मी म्हटलं, सांगतो."

चाकाशी बसलेल्या माणसाचा हात थांबला होता. पाना नटावर तसाच.

काकांचा आवाज एकदम उतरला. "जयेशची आई गेली. त्याची वाट बघत होती, पण शेवटी त्रास नाय झाला तिला. झोपेतच गेली." मग म्हणाले, "घर हाय. मी हाय."

त्या माणसाचं डोकं पुढे झुकलं आणि टायरला टेकलं. निदान मला तसं वाटलं. कुणीतरी मशीन सुरू केलं, मोठा आवाज झाला, आणि मशीन बंद पडलं तेव्हा तो माणूस पुन्हा नट फिरवत होता. काका त्याच्या हाताकडे बघत उभे होते. काम झाल्यावर तो पाना उचलून, मान खाली घालून, पलीकडच्या दारानं निघून गेला.

बाहेर पडल्यावर काकांनी कुठेही गाडी थांबवली नाही. बहिणीच्या घराच्या वळणाशी आल्यावर मी विचारलं, "काका, आज नट नाही बघितलेत?"

"नको. त्यानं आवळलेत."

"तो जयेश होता?"

"हं." त्यांनी गाडी कडेला घेतली. "पावसाळ्यानंतर सापडला. दुसरं नाव सांगतो इथं. मी वाकलो आणि गाडीखाली तोच. मला बघून त्यानं तोंड फिरवलं. मी काय बोललो नाय, बाहेर आलो. तेव्हापासून महिन्याला येतो. त्याच्याकडूनच करून घेतो."

"आणि हाक नाही मारलीत? काका, परत फिरा. मी जाते आत, मी बोलते त्याच्याशी."

काकांनी माझा हात धरला. "नाय बाय. वसईला काय झालं, सांगितलं ना तुला? हाक मारली आणि पळाला तर? परत कुठं शोधू? आता माझी चालायची ताकद किती राहिलीय? इथं हाय, दोन वेळ जेवतो, हात चालतात त्याचे, हे मला दिसतं. आज एवढं ऐकून घेतलं त्यानं. उठून गेला नाय. पुढच्या वेळेला बघू."

त्यांनी डोळे पुसले, चष्म्याची दोरी नीट केली आणि मला बहिणीच्या दाराशी सोडून बाळाला बघायलाही न थांबता परत गेले.

*

त्यानंतर काका वापीला जात राहिले, एकटेच. मी विचारलं की सांगायचे, "हाय. बरा हाय." एकदा म्हणाले, "त्यानं टोपी काढून ठेवली होती. केस पिकलेत गं त्याचे." पुढल्या पावसाळ्यात त्यांना ताप आला, छातीत पाणी झालं. रामजनमनं पालघरच्या दवाखान्यात ठेवलं आणि रजा टाकून रात्रंदिवस तिथं बसला. थोडं बरं वाटलं की काका त्याला म्हणायचे, "गाडी काढ, वापीला जाऊ. महिना झाला." महिना कधीच होऊन गेला होता. मी त्यांना विचारलं, मी जाऊन सांगू का त्याला? त्यांनी मान हलवली. "आजारपण सांगून बोलवू नको. मी जातो ना बरा झालो की."

ते बरे झाले नाहीत. एडवणहून पुतण्या आला, त्यानं अग्नी दिला. रामजनम ओटीच्या पायऱ्यांवर बसून लहान मुलासारखा रडत होता आणि गावातल्या बायका त्याला पाणी देत होत्या. मला जयेशचं तिथलं नाव ठाऊक नव्हतं, त्याचा चेहराही मी पाहिला नव्हता. तेरावा झाला की वापीला जायचं, आणि टोपी घालणारा, केस पिकलेला मेकॅनिक शोधायचा, असं मी ठरवलं होतं.

त्याआधीच एक दिवस दुपारी काउंटरसमोर एक माणूस येऊन उभा राहिला. धुतलेला शर्ट, नखांत मुरलेलं काळं. उंच, जरासा वाकलेला. त्यानं गाडीचा नंबर सांगितला.

"ही गाडी तुमच्याकडे येते ना? काचेवर तुमचं स्टिकर हाय. दोन महिने आली नाय आमच्याकडे. गाडीला काय झालंय का?"

मी उठून उभी राहिले. माझ्याकडे बघता बघताच त्याला कळलं. तो मागच्या खुर्चीवर बसला. मी काउंटरच्या बाहेर येऊन त्याच्याशेजारी बसले आणि सगळं सांगितलं. आजार, दवाखाना, रामजनम, पुतण्या. तो खाली फरशीकडे बघत ऐकत होता.

पुढचं पुष्कळसं बरं झालं असं लोक म्हणतात. तो शिरगावच्या घरी परत आला. रामजनमला त्यानं घरातून जाऊ दिलं नाही, दोघे पालघरला एकाच गॅरेजमध्ये काम करतात. शाळेच्या बाईंकडेही तो जाऊन आला. तिथं काय बोलणं झालं ते त्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. ओळखीपाळखीची माणसं आता चाकांचं काम त्याच्याकडेच नेतात. वाडीत केळी उभी आहे. हे सगळं खरं आहे, आणि काकांना ते बघून काय वाटलं असतं ते मला कळतं. पण मला तो आठवतो तो त्या दुपारी आमच्या काउंटरसमोरच्या खुर्चीत बसलेला.

"मॅडम, त्यांना पहिल्यापासूनच कळलं होतं का?" त्यानं विचारलं. "तो मीच होतो ते?"

"पहिल्या दिवसापासून," मी म्हटलं.

त्यानं दोन्ही तळव्यांनी तोंड दाबून धरलं. आतून मशीनचे आवाज येत होते. एक ग्राहक माझ्यासाठी थांबला होता, त्याला मी हातानंच थांबायची खूण केली.

"शेवटचे आले ना, तेव्हा माझं काम झालं तरी ते गेले नाहीत," तो म्हणाला. "मी चाकापाशी बसलेलो, ते मागे उभे. त्यांचा श्वास ऐकू येत होता मला. मी मनात म्हणत होतो, पुढच्या वेळी बोलू. पुढच्या वेळी नक्की बोलू."

मी त्याच्यापुढे पाणी ठेवलं.

"नुसती मान वर करायची होती हो," तो म्हणाला. "एवढंच करायचं होतं."